इंकजेट प्रिंटर फक्त कृष्णधवल फोटोंसाठी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगीत प्रिंटर कृष्णधवल फोटो छापतोच की. मग हा खटाटोप कशासाठी?

छापतो, पण कसा ते पाहायला हवे. साध्या सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये काळी शाई एकच असते. राखाडी छटा हवी झाली की ड्रायव्हर सायन, मॅजेंटा आणि पिवळा एकत्र करून ती तयार करतो आणि जोडीला काळ्याचे सुटे ठिपके टाकतो. या तीन रंगांचा तोल जरा हलला की राखाडीवर हिरवट नाहीतर गुलाबी झाक चढते. तोल हलायला फार काही लागत नाही: एखादे नोझल (शाई फेकणारे बारीक छिद्र) बंद पडते, कागद बदलतो, शाईची बॅच बदलते. शिवाय खिडकीपाशी ठीक दिसलेला प्रिंट पिवळ्या दिव्याखाली वेगळाच दिसतो, कारण रंगीत शायांचे मिश्रण दर उजेडात वेगळे वागते.

‘फक्त काळी शाई वापर’ असे ड्रायव्हरला सांगितले तर झाक जाते. पण मग गालावर, ढगांत, पांढऱ्या भिंतीवर काळे ठिपके मिरपूड शिंपडल्यासारखे उठून दिसतात. बदललेल्या प्रिंटरमध्ये रंगांच्या जागी एकाच काळ्या शाईची कमी-अधिक पातळ रूपे भरलेली असतात. गालावरची छटा तिथे दोन-सहा टक्क्यांच्या शाईने भरली जाते. ठिपके दाट पडतात, पण इतके फिके की भिंगाशिवाय दिसत नाहीत.

माझ्या प्रिंटरमध्ये कृष्णधवल मोड आहे. तो पुरेसा नाही का?

बऱ्याच जणांना पुरतो. एप्सनने २००५ साली के-थ्री शाया आणल्या, त्यांत काळा, फिका काळा आणि अतिफिका काळा अशा तीन पायऱ्या आहेत. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ मोड मुख्यतः याच तिघांवर चालतो आणि टोनसाठी रंगीत शाया अगदी थोड्या वापरतो. तुमच्याकडे असा प्रिंटर असेल आणि वर्षाला पंधरा-वीस प्रिंट काढायचे असतील, तर तो बदलू नका. क्वाडटोन रिप हे कोणती शाई किती पडावी ते ठरवू देणारे सॉफ्टवेअर मूळ के-थ्री शायांवरही चालते. आधी तेवढेच करून बघा. प्रिंटरला हात न लावता बराच फरक पडतो.

बदलाचा फायदा नेमका तीन ठिकाणी होतो. उजळ भागातला दाणा जातो, छटा तीनऐवजी सहा-सात पायऱ्यांवर वाटल्या जातात, आणि रंगीत शाई अजिबात न वापरता निव्वळ कार्बनचा प्रिंट मिळतो.

कोणता प्रिंटर घ्यावा?

पिएझो हेडचा एप्सन. हेड म्हणजे शाईचे थेंब फेकणारा भाग. या हेडमध्ये स्फटिक विजेच्या झटक्याने वाकतो आणि थेंब ढकलतो, शाई तापत नाही. त्यामुळे वेगळ्या बांधणीची शाई तो निमूट चालवून घेतो. कॅनन आणि एचपीच्या थर्मल हेडमध्ये शाई उकळून बुडबुडा होतो व तो थेंब बाहेर फेकतो. तिथे शाईचा उकळण्याचा स्वभाव हेडशी जुळावा लागतो, आणि दर शाईचे प्रमाण स्वतंत्रपणे हाताळणारे सॉफ्टवेअरही त्यांच्यासाठी सहज मिळत नाही.

सुरुवातीला एप्सन १४०० किंवा १४३० सोपा. सहा शाया, १३ इंच रुंदी, सर्वांत लहान थेंब १.५ पिकोलिटर. कार्ट्रिज हेडवरच बसते, मध्ये नळ्या नाहीत, म्हणून धुवायला कमी शाई लागते. आर२४०० आणि आर२८८० यांत आठ शाया एका वेळी बसतात आणि कार्ट्रिज हेडवरच असते. ३८८० ला १७ इंच रुंदी आणि ८० मिलीची कार्ट्रिज मिळतात, पण शाई लांब नळ्यांतून आणि डॅम्परमधून (हेडच्या तोंडाशी असलेल्या छोट्या कप्प्यातून) हेडपर्यंत जाते. एकदा भरली की ती नळीतली शाई काढणे हे वेगळे काम होऊन बसते.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी खात्रीने तपासा. ते मॉडेल क्वाडटोन रिपच्या यादीत आहे का, आणि त्याला आपोआप रिसेट होणाऱ्या चिपची (शाई किती उरली ते प्रिंटरला सांगणाऱ्या) रिकामी कार्ट्रिज मिळतात का. यांतले एक जरी ‘नाही’ असेल तर तो प्रिंटर कितीही स्वस्तात मिळाला तरी सोडा. नव्या मॉडेलांत फर्मवेअर अपडेटनंतर परकी चिप नाकारली जाण्याचा धोका असतो. त्यामुळे बदललेल्या प्रिंटरचे अपडेट कायमचे बंद ठेवायचे.

वापरलेला प्रिंटर चालेल?

चालेल, पण नोझल चेक, म्हणजे दर नोझलची रेघ दाखवणारे चाचणीचे पान, पाहिल्याशिवाय घेऊ नका. एखाद-दुसरी रेघ गायब असेल आणि हेड क्लिनिंगनंतर ती जागा बदलत असेल, तर अडथळा हवेचा किंवा वाळलेल्या शाईचा आहे, तो निघतो. तीन क्लिनिंगनंतरही नेमकी तीच रेघ त्याच जागी गायब राहत असेल, तर नोझल बहुधा मेले आहे. १४०० ला दर रंगाला ९० नोझल, ३८८० ला १८०. ९० पैकी एक मेले तर प्रिंटवर बारीक पट्टी दिसायला पुरते.

टाकीवाले प्रिंटर?

चिपची कटकट नाही हा त्यांचा गुण. पण टाकी, नळ्या आणि डॅम्पर मिळून आत खूप जुनी शाई उरते आणि ती धुऊन काढायला बाटल्याच्या बाटल्या जातात. कारखान्यातून आलेल्या, अजून शाई न भरलेल्या टाकी-प्रिंटरमध्ये पहिल्यापासून कार्बन शाई भरणे हा सुटसुटीत मार्ग आहे. वापरलेला असेल तर शंभरदा विचार करा.

शाई कोणती?

कार्बन पिगमेंट, म्हणजे द्रवात तरंगणारे कार्बनचे घन कण. डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, शाई कागदात मुरते आणि उजेडाने उडते, कार्बनचा कण मात्र उजेडाला दाद देत नाही. तयार संच मिळतात, त्यांत जॉन कोन यांचा पिएझोग्राफी हा सर्वांत परिचित. दुसरा मार्ग म्हणजे मॅट काळी (चमक नसलेल्या कागदाची) कार्बन शाई मोठ्या बाटलीत घेऊन स्वतः पातळ करणे. छायाचित्रकार पॉल रोआर्क यांनी आपली मिश्रणे आणि कर्व्ह (कोणत्या छटेला कोणती शाई किती, हे सांगणाऱ्या फाइली) खुली ठेवल्यामुळे हा मार्ग पुष्कळांनी चोखाळला आहे.

सहा शायांच्या प्रिंटरसाठी चालणारे एक प्रमाण असे (दर १०० मिलीला; बेस म्हणजे रंग नसलेला शाईचा द्रव):

काळ्याच्या जागी: मूळ शाई, १०० टक्के
सायनच्या जागी: ३० मिली शाई, ७० मिली बेस
मॅजेंटाच्या जागी: १८ मिली शाई, ८२ मिली बेस
फिक्या सायनच्या जागी: ९ मिली शाई, ९१ मिली बेस
फिक्या मॅजेंटाच्या जागी: ६ मिली शाई, ९४ मिली बेस
पिवळ्याच्या जागी: २ मिली शाई, ९८ मिली बेस

शेवटची शाई थेट मोजू नका. मोठ्या सिरिंजवर २ मिली मोजताना अर्धा मिली इकडेतिकडे होतोच, म्हणजे २५ टक्क्यांची चूक. त्याऐवजी ६ टक्क्यांच्या तयार शाईतली ३३ मिली घ्या आणि ६७ मिली बेस घाला. तोच अर्धा मिली आता दीड टक्क्याची चूक होतो. बाटलीवर टक्केवारी, तारीख आणि मूळ शाईची बॅच लिहून ठेवा. पुढची भरणी याच प्रमाणाने झाली नाही तर केलेला कर्व्ह वाया जातो.

पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर का चालत नाही?

शाईतले ग्लिसरीनसारखे द्रव्य नोझलच्या तोंडाशी ओलावा धरून ठेवते आणि ओलसरपणा आणणारे रसायन थेंबाला आकार देते. २ टक्क्यांच्या शाईत ९८ भाग नुसते पाणी घातले तर ही दोन्ही द्रव्ये जवळपास नाहीशी होतात. नोझल काही तासांत वाळते, थेंब वाकडा उडतो आणि कागदावर शाई पसरते. म्हणून शाई ज्यांच्याकडून घेतली त्यांचाच बिनरंगी बेस घ्यायचा. नळाचे पाणी तर नकोच, त्यातले क्षार पिगमेंटचे गोळे करतात.

जुनी शाई काढून नवी भरायची कशी?

घाई करण्यासारखे हे काम नाही, एक दिवस द्या. हातमोजे घाला. कार्बन शाई कपड्यातून निघत नाही, आणि ओट्यावर सांडली तर दगडातही मुरते.

१. जुन्या शाईवर नोझल चेक काढा आणि जपून ठेवा. पुढे काही बिघडले तर दोष आधीचा की नंतरचा, हे याच कागदावरून कळते.

२. एक संच रिकामी कार्ट्रिज क्लिनिंग फ्लुइडने भरून बसवा. दोन हेड क्लिनिंग मारा, एक तास थांबा, मग दर चॅनेलचे भरगच्च रंगाचे एकेक पान काढा. पानावरचा रंग पुसट होत जाईल. मॅजेंटा सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळतो. पान जवळजवळ कोरे येईपर्यंत हे चालू ठेवा. उरलेला किंचित गुलाबी रंग २ टक्क्यांच्या शाईत मिसळला तर आकाश गुलाबी होते.

३. नवी शाई भरण्याआधी बाटली दहा-बारा वेळा हळूच उलटीसुलटी करा. जोरात हलवू नका, फेस होतो आणि त्याचे बुडबुडे कार्ट्रिजमध्ये जातात.

४. दर शाईला वेगळी सिरिंज. कार्ट्रिज साधारण ८० टक्के भरा, भरण्याच्या तोंडाचे बूच घट्ट लावा.

५. खालच्या निकासाला टोपीची सिरिंज लावून दोन-तीन मिली शाई हळू ओढा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ओढायचे. याला प्रायमिंग म्हणतात आणि सर्वांत जास्त लोक हीच पायरी गाळतात.

६. हवेच्या छिद्राचे बूच काढा, कार्ट्रिज बसवा, एक क्लिनिंग मारा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी नोझल चेक काढा. काल गायब असलेल्या रेघा पुष्कळदा आपणहून परत येतात, कारण बारीक बुडबुडे वर सरकलेले असतात.

प्रिंट चांगला सुरू होतो, पण अर्ध्या पानानंतर फिका पडतो.

हवेचे बूच काढायचे राहिले. शाई बाहेर जाते, तिच्या जागी हवा आत येत नाही, कार्ट्रिजमध्ये ओढ तयार होते आणि पुरवठा आटतो. बूच काढा, कार्ट्रिज पुन्हा प्राइम करा. उलट प्रकार म्हणजे भरण्याचे बूच सैल राहणे: मग शाई आपोआप गळते, कॅपिंग स्टेशनमध्ये (हेड बंद असताना ज्यावर बसते त्या झाकणात) डबके होते आणि शेजारच्या चॅनेलमध्ये गडद शाई शिरते.

नोझल चेकमध्ये फिक्या शायांच्या रेघाच दिसत नाहीत. बंद आहेत का?

बहुतेक वेळा चालू असतात, डोळ्याला दिसत नाहीत एवढेच. पांढऱ्या कागदावर २ टक्क्यांची रेघ म्हणजे नसल्यासारखी. चकचकीत कागदावर नोझल चेक काढा, तो कागद टेबल लॅम्पच्या उजेडात अगदी तिरका धरा आणि दहापट भिंगातून बघा. शाई पडली तिथे चमक किंचित बदललेली दिसते. तरी खात्री होत नसेल तर क्वाडटोन रिपच्या कॅलिब्रेशन मोडमधून त्या एका शाईचा भरगच्च चौकोन काढा. बंद नोझल त्यात केसाएवढ्या पांढऱ्या रेघेच्या रूपाने दिसते. प्रत्येक मोठ्या प्रिंटआधी हे करण्याची सवय लावून घ्या. उजळ भागातल्या पट्ट्यांचा उगम नव्वद टक्के वेळा इथेच सापडतो.

शाई बदलली, पण प्रिंट भयंकर येतो. छटा उलट्यापालट्या आहेत.

नेहमीच्या ड्रायव्हरने छापले असणार. ड्रायव्हरला वाटते की सायनच्या खाचेत सायन आहे, प्रत्यक्षात तिथे ३० टक्क्यांची काळी शाई आहे. पिवळ्याच्या जागी त्याने भरपूर शाई ओतली तरी कागदावर पुसटच येते. याने प्रिंटरचे काही बिघडत नाही, फक्त कागद वाया जातो.

शाई बदलणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे प्रत्येक छटेसाठी कोणत्या खाचेतून किती शाई टाकायची हे प्रिंटरला सांगणे. हे काम रॉय हॅरिंग्टन यांचे क्वाडटोन रिप करते. त्याची कर्व्ह फाइल उघडून पाहिली तर आत नुसते आकडे असतात: दर शाईला २५६ ओळी, प्रत्येक ओळीत ० ते ६५५३५ मधला एक आकडा. शुभ्र ते काळा या २५६ पायऱ्यांवर ती शाई किती पडेल, ते तो आकडा ठरवतो. तयार संचाबरोबर असे कर्व्ह मिळतात. पण ते दुसऱ्याच्या प्रिंटरवर, दुसऱ्या कागदाच्या बॅचवर बनलेले असतात. त्यांच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही, पण मोजून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर थांबू नका.

कर्व्ह स्वतः करायचा तर कसा?

आधी शाईची मर्यादा शोधा. कॅलिब्रेशन मोडमध्ये दर शाईची ५ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत पट्टी छापली जाते. काळ्याची पट्टी वाळल्यावर बघा. समजा ६५ नंतर ७०, ७५, ८० हे चौकोन सारखेच काळे आहेत, किंवा उलट किंचित फिके होऊ लागले आहेत. मग तुमच्या कागदाला ६५ पुरे. त्यापुढची शाई काळेपणा वाढवत नाही, ती फक्त कागद ओला करते, पृष्ठभाग सुरकुततो आणि हात लावला की काळे निघते.

मग दर फिक्या शाईची ताकद ठरवा. ३० टक्क्यांच्या शाईचा १०० चा चौकोन घ्या आणि काळ्याच्या पट्टीतला कोणता चौकोन तितकाच गडद आहे ते पाहा. तो ३० च्या आसपास निघाला तर शाई नीट पातळ झाली आहे. ४० निघाला तर मोजण्यात चूक झाली, पण फेकायची गरज नाही. सॉफ्टवेअरला ४० सांगा, ते त्याप्रमाणे वाटणी करते.

शेवटी लिनिअरायझेशन. यासाठी २१ पायऱ्यांची पट्टी छापून वाळू द्या आणि दर चौकोनाचा एल-स्टार, म्हणजे उजळपणाचा ० ते १०० मधला आकडा, मोजा. समजा कागदाचा एल-स्टार ९६ आणि सर्वांत काळ्या चौकोनाचा १६ आला. फरक ८०, पायऱ्यांमधली अंतरे २०, म्हणजे प्रत्येक पायरीला ४ ने उतरायला हवे: ९६, ९२, ८८ आणि बरोबर मधला चौकोन ५६. प्रत्यक्षात मधला ४८ आला, तर मधल्या छटा गडद पडताहेत. हे २१ आकडे सॉफ्टवेअरला दिले की ते कर्व्ह वाकवून पायऱ्या समान करते. पुन्हा छापून पुन्हा मोजा. दुसऱ्या फेरीत बहुतेक चौकोन एक-दीड एककाच्या आत येतात, आणि त्याहून जास्त पाठ पुरवण्यात अर्थ नाही.

आकडे सतत उतरते नसतील तर सॉफ्टवेअर ते नाकारते. पुढचा चौकोन आधीच्यापेक्षा उजळ निघाला, तर आकडा हाताने बदलण्याआधी पट्टी तिरक्या उजेडात बघा. धूळ, ओरखडा किंवा बंद नोझल यांपैकी काहीतरी सापडते.

मोजायला यंत्र नाही. स्कॅनर चालेल?

चालेल, अटी पाळल्या तर. आय-वन प्रो किंवा कलरमंकीसारखे यंत्र सोयीचे आहेच, पण फ्लॅटबेड स्कॅनरवरही काम भागते. स्कॅनरमधले ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, धूळ काढणे हे सगळे बंद करा. ज्याचे आकडे माहीत आहेत अशी राखाडी पट्टी आणि तुमची पट्टी एकाच स्कॅनमध्ये शेजारी ठेवा, म्हणजे स्कॅनरचा कल वजा करता येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हे करू नका, उजेड कधीच सारखा पडत नाही.

छापल्यावर किती वेळाने मोजायचे?

दोन तास किमान, खरे तर दुसऱ्या दिवशी. मॅट कागदावर ओला काळा जास्त काळा दिसतो आणि वाळताना किंचित फिकटतो. ओल्या पट्टीवर कर्व्ह केला तर वाळलेला प्रिंट वेगळा येतो आणि कर्व्ह चुकीचा आहे असे वाटत राहते. दर वेळी सारखाच वेळ द्या.

कागद मॅट की चकचकीत?

कार्बन शायांचे घर मॅट कागद. सुती रॅग कागदावर, उदाहरणार्थ ३०८ ग्रॅमच्या हानेम्युले फोटो रॅगवर, मॅट काळ्याने घनता (काळेपणाचे माप) १.६ ते १.७ पर्यंत जाते. वरच्या उदाहरणातला एल-स्टार १६ म्हणजे साधारण १.६८. चकचकीत कागदावर फोटो ब्लॅकने २.२ च्या पुढे जाता येते, पण मॅट काळी शाई तिथे वापरायचीच नाही. तिला धरून ठेवणारे पुरेसे बंधक द्रव्य नसते, बोटाने पुसली जाते. चकचकीत कागदासाठी वेगळा फोटो ब्लॅक लागतो, आणि तिरक्या उजेडात दिसणारी तांबूस झळाळी दाबायला वरून ग्लॉस ऑप्टिमायझर नावाचा बिनरंगी थर द्यावा लागतो. त्यासाठी एक खाच राखून ठेवावी लागते, म्हणून सहा शायांच्या प्रिंटरवर चकचकीतचा हट्ट न धरलेला बरा.

लेप असलेली बाजू ओळखायची तर कागदाच्या कोपऱ्याला ओलसर बोट लावा. लेपाची बाजू बोटाला चिकटते. आणि कागद छापण्याआधी मऊ ब्रशने झटका. रॅग कागदाचा तंतू प्रिंटवर राहिला आणि नंतर उडाला की तिथे पांढरा ठिपका उरतो, तो कशाने भरत नाही.

माझा प्रिंट तपकिरी का दिसतो? मला राखाडी हवा होता.

कार्बनचा स्वभावच उबदार आहे. कण जितका बारीक दळलेला तितका तो तपकिरी दिसतो, आणि पातळ शायांत हे अधिक जाणवते. कागदानेही फरक पडतो: एकच शाई एका कागदावर जवळजवळ तटस्थ, तर दुसऱ्यावर चॉकलेटी येते. म्हणून शाईत फेरफार करण्याआधी तीन-चार कागद करून बघा. तरीही गार टोन हवा असेल, तर एका खाचेत फिकी निळसर पिगमेंट शाई ठेवून कर्व्हमध्ये तिचा थोडा वाटा द्यावा लागतो. त्या क्षणी प्रिंट निव्वळ कार्बनचा राहत नाही, कारण निळे पिगमेंट कार्बनाइतके टिकत नाही आणि कालांतराने टोन हलू शकतो. उबदार टोन स्वीकारून त्याला साजेसे फोटो निवडणे हाच मार्ग आम्हाला जास्त पटतो.

फाइल कशी तयार करायची?

ग्रेस्केल, १६ बिट, ग्रे गॅमा २.२. एप्सनच्या हेडला साजेसे ३६० पीपीआय, आणि शार्पनिंग शेवटच्या मापावरच. छापताना कलर मॅनेजमेंट पूर्ण बंद. मॅकवर यंत्रणा मध्येच रूपांतर करते, म्हणून क्वाडटोन रिपच्याच कर्त्याचा प्रिंट-टूल वापरावा. पट्टी बरोबर आणि फोटो मात्र गडद येत असेल, तर पट्टी एका मार्गाने आणि फोटो दुसऱ्या मार्गाने छापला जातो आहे असे समजा. मॉनिटर फार उजळ असणे हे दुसरे नेहमीचे कारण.

आकाशात आडव्या पट्ट्या, किंवा एका ठरावीक छटेवर उडी दिसते.

दोन्ही वेगळे दोष आहेत. कागद सरकण्याच्या दिशेला आडव्या, समान अंतरावरच्या पट्ट्या असतील तर बंद नोझल किंवा चुकलेले हेड अलाइनमेंट. अलाइनमेंट फिक्या शाईवर डोळ्यांनी करता येत नाही, म्हणून ते शाई बदलण्याआधी, रंगीत शाईवरच करून घ्यावे. दुसऱ्या दोषात छटा गुळगुळीत उतरत जाते आणि एका जागी कड दिसते. तिथे एक शाई संपून पुढची गडद शाई हातात घेते. पुढच्या शाईची ताकद चुकीची सांगितली गेली असते, किंवा शाई तळाशी बसल्याने ती मुळातच फिकी झाली असते. आधी कार्ट्रिज काढून हळूच चार-पाच वेळा उलटसुलट करा, पट्टी पुन्हा छापा, मगच कर्व्हला हात लावा.

नोझल बंद झाले तर किती क्लिनिंग मारायची?

लागोपाठ तीनपेक्षा जास्त नाही. जास्त मारल्याने हवा ओढली जाते, कॅपमध्ये शाया मिसळतात आणि वेस्ट पॅड (क्लिनिंगची शाई शोषून घेणारा स्पंज) भरते. तीनने सुटले नाही तर थांबा. पेपर टॉवेलची घडी करून पट्टी बनवा, क्लिनिंग फ्लुइडने भिजवा, हेडखाली सरकवा आणि हेड तिच्यावर रात्रभर ठेवा. त्याच वेळी कॅपची रबरी कड आणि वायपर कापसाच्या काडीने पुसून घ्या. कडेला वाळलेली शाई असली की झाकण नीट बसत नाही, हेड रोज थोडे वाळते आणि दोष हेडचा आहे असे वाटत राहते. स्पिरिट वापरू नका, काही पिगमेंट शाया त्यात फाटतात.

वेस्ट पॅडचा इशारा आला.

प्रिंटर पॅड पाहत नाही, तो क्लिनिंग मोजतो. धुण्यात बरीच शाई गेल्याने बदललेल्या प्रिंटरमध्ये हा आकडा लवकर भरतो. पॅड बदला किंवा निकासाची नळी बाहेर काढून बाटलीत सोडा, आणि त्यानंतरच मोजणी रिसेट करा. नुसते रिसेट केले तर शाई एक दिवस खालून टेबलावर येते.

पुन्हा रंगीत करता येईल?

धुऊन रंगीत शाई भरता येते, पण डॅम्परमध्ये राहिलेला कार्बन पिवळ्याला मळकट करत राहतो. बदललेला प्रिंटर परत रंगीत करायचा नाही असे धरूनच सुरुवात करा.

महिनाभर छापायचे नसेल तर?

आठवड्यातून एक पान काढणे हे सर्वांत सोपे, त्यात सगळ्या शायांचे चौकोन हवेत. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असली तर हेड सुखाने राहते. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचा स्विच बंद केला तर हेड झाकणावर न बसता उघडे राहते. दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर क्लिनिंग फ्लुइडची कार्ट्रिज बसवून दोन क्लिनिंग मारा आणि तसाच ठेवा. काढलेली शाईची कार्ट्रिज दोन्ही बुचे लावून, निकासाच्या तोंडाला टोपी घालून आडवी ठेवा, आणि परत बसवताना हवेचे बूच काढायला विसरू नका.